दोन रंगांचे तळे : एका गाजलेल्या चित्राचे परीक्षण

परिसरशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत एक छायाचित्र वारंवार भेटते. ते विमानातून घेतलेले आहे. दाट जंगलात एक लांबट तळे आहे आणि ते मध्येच कंबर आवळल्यासारखे अरुंद झाले आहे. कमरेपाशी एक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूचे पाणी काळसर, स्वच्छ तळ्याचे असते तसे. दुसऱ्या बाजूचे हिरवट, रंगाचा डबा ओतल्यासारखे. ती रेघ म्हणजे पाण्यात वरपासून तळापर्यंत सोडलेला प्लॅस्टिकचा पडदा. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फक्त एका बाजूला फॉस्फरसही घातला आणि तीच बाजू हिरवी झाली, असे चित्राखाली लिहिलेले असते.

तळे कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागातले आहे. त्याला नाव नाही, क्रमांक आहे : २२६. छायाचित्र ४ सप्टेंबर १९७३ चे. डेव्हिड शिंडलर यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात मे १९७४ मध्ये अवघ्या तीन पानांचा निबंध लिहिला, त्यात या प्रयोगाची हकीकत आली आणि चित्र जगभर गेले. तळ्यांच्या अभ्यासात यापेक्षा अधिक वेळा छापले गेलेले चित्र असेल असे आम्हांला वाटत नाही.

एखाद्या पुस्तकाचे करावे तसे या चित्राचे परीक्षण करावे असे आम्ही ठरवले. शिक्षकाच्या हाती आलेले चित्र हे एक विधानच असते. ते काय म्हणते, काय म्हणत नाही आणि लोक त्याच्या तोंडी काय घालतात, हे तपासायला हवे. या चित्राच्या बाबतीत तिसरी गोष्ट फार घडली आहे.

आधी ते कोणत्या भांडणात जन्मले ते पाहू. १९६० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवर हिरव्या चिखलाने भरू लागले होते. किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाचे ढीग पडत, तळाशी प्राणवायू संपून जाई. ‘ईरी मेले’ असे वर्तमानपत्रांतून छापून येई. शहरांचे सांडपाणी सरोवरात जात होते हे सर्वांना दिसत होते. पण सांडपाण्यात शंभर पदार्थ असतात, त्यांतला गुन्हेगार कोण? अनेक शास्त्रज्ञांचे बोट फॉस्फरसकडे होते. त्या काळच्या धुण्याच्या पावडरींत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट भरपूर असे. ते पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवते आणि जड पाण्यातही फेस येऊ देते. पावडर बनवणाऱ्या कारखानदारांना हे बोट अर्थातच नको होते. त्यांच्या बाजूला एक प्रतिपक्षही मिळाला. कुएंट्झेल यांनी १९६९ मध्ये असे मांडले की, शैवालांची वाढ अडते ती कार्बनसाठी. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणू कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यावर शैवाल फोफावते. तसे असेल तर पावडरीतील फॉस्फेट काढून काय उपयोग?

हा प्रतिपक्ष केवळ स्वार्थी नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्यामागे प्रयोग होते. तळ्याचे पाणी बाटलीत भरायचे, त्यात निरनिराळी पोषकद्रव्ये घालायची आणि शैवालाची वाढ मोजायची. कित्येकदा कार्बन घातलेल्या बाटलीत वाढ होई आणि फॉस्फरस घातलेल्या बाटलीत होत नसे. प्रयोग स्वच्छ होते. मापनही बरोबर होते. चूक कुठे होती ते पुढे येईल.

कॅनडाच्या सरकारने १९६८ मध्ये ओंटारिओतील ५८ लहान तळी प्रयोगासाठी राखून ठेवली. बाटलीऐवजी आख्खे तळेच प्रयोगनळी म्हणून वापरायचे, ही त्यामागची कल्पना. या कामात शिंडलर यांच्यासोबत जॅक व्हॅलेन्टाइन हे शास्त्रज्ञ होते. हेच व्हॅलेन्टाइन पुढे पाठीवर पृथ्वीचा गोल बांधून ‘जॉनी बायोस्फिअर’ या नावाने शाळाशाळांतून मुलांशी बोलत हिंडले.

पहिले मोठे तळे २२७ क्रमांकाचे. क्षेत्र सुमारे ५ हेक्टर, जास्तीत जास्त खोली १० मीटर. ग्रॅनाइटच्या जुन्या खडकावर असल्यामुळे त्याच्या पाण्यात विरघळलेला कार्बन फारच थोडा. कार्बनवाल्यांचे म्हणणे खरे ठरायचे तर ते इथे ठरले असते. १९६९ पासून त्यात दर आठवड्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस घालण्यात आला. कार्बन मुळीच नाही. तळे काही आठवड्यांतच हिरवेगार झाले.

कार्बन आला कुठून? हवेतून. शैवालांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका शोषला की पाण्यात त्याची तूट पडली आणि हवेतला वायू पाण्यात उतरू लागला. तो किती वेगाने उतरतो हे रेडॉन वायूच्या साहाय्याने मोजण्यातही आले. आणि गंमत म्हणजे याच २२७ क्रमांकाच्या तळ्याचे पाणी बाटलीत भरून प्रयोग केला, तर बाटली सांगे, ‘इथे कार्बन कमी आहे.’ बाटलीचे खोटे नव्हते. त्या तासाला, त्या थेंबाला कार्बन कमीच होता. पण बाटलीला बूच होते आणि तळ्याला नाही. बाटलीला काही तास दिलेले होते आणि तळ्याला आख्खा उन्हाळा. प्रश्न एकच, पण लहान भांड्यात विचारला तर उत्तर एक आणि मोठ्या भांड्यात विचारला तर दुसरे. विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी इतकी चांगली गोष्ट पुस्तकांत क्वचितच येते, कारण तिचे चित्र निघत नाही. २२७ हे वरून पाहता नुसते एक हिरवे तळे आहे. शेजारी ठेवायला दुसरा रंग नाही.

म्हणून २२६. हे तळे निसर्गतःच दोन वाट्यांचे आहे. १९७३ च्या वसंतात कमरेपाशी नायलॉनने मजबूत केलेला पडदा ताणला. दोन्ही वाट्यांत साखरेच्या रूपाने कार्बन आणि नायट्रेटच्या रूपाने नायट्रोजन दिला. ईशान्येकडील वाटीत फॉस्फेटही दिले. त्या वाटीत ॲनाबिना या जातीच्या नील-हरित शैवालाची साय धरली. नैर्ऋत्येकडील वाटी होती तशीच राहिली.

याच निबंधात आणखी एक तळे आहे, क्रमांक ३०४. त्यात १९७१ आणि १९७२ या दोन वर्षी तिन्ही द्रव्ये घातली. १९७३ मध्ये कार्बन-नायट्रोजन चालू ठेवून फक्त फॉस्फरस थांबवला, तर तळे पूर्वीसारखे होऊ लागले. आमच्या मते निबंधातील सर्वांत मोलाची नोंद ही आहे. २२६ सांगते की तळे कसे बिघडते. ३०४ सांगते की ते सुधारू शकते. ज्यांना सरोवर वाचवायचे होते त्यांना दुसऱ्या उत्तराची गरज जास्त होती. पण छायाचित्र पहिल्याचे निघाले आणि ३०४ विसरले गेले.

आता चित्राभोवतीची एक दंतकथा. ‘या छायाचित्रामुळे फॉस्फेटवर कायद्याने बंधन आले’ असे लिहिलेले आढळते. तारखा पाहा. कॅनडाने पावडरींतील फॉस्फेटवर मर्यादा घालायला १९७० मध्येच सुरुवात केली. दोन्ही देशांचा महासरोवरांविषयीचा करार एप्रिल १९७२ चा. छायाचित्र सप्टेंबर १९७३ चे! सरकारांना हलवले ते २२७ च्या पहिल्या निष्कर्षांनी आणि त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या कंटाळवाण्या मोजमापांनी. अमेरिकेत राज्याराज्यांतून वाद पुढेही चालू राहिला, उदाहरणार्थ मिशिगनमध्ये मर्यादा आली ती १९७७ मध्ये. त्या वादात असे चित्र हाती असणे उपयोगाचे होते यात शंका नाही. पण सुरुवात त्याने केली नाही. चित्राला श्रेय दिले की मोजमापाचे श्रेय जाते, म्हणून हे लिहिले.

चित्राच्या गुणांविषयी दुमत नाही. प्रयोगात तुलनेसाठी दुसरी बाजू हवी, दोन्ही बाजूंत एकच फरक हवा, हे आपण मुलांना घोकून सांगतो. इथे ते एका नजरेत दिसते. पाणी तेच, ऊन तेच, पाऊस तोच, वारा तोच. फरक फक्त फॉस्फरसचा. एकाच तळ्यावर एकदाच केलेला प्रयोग, पुनरावृत्ती नाही, असा आक्षेप संख्याशास्त्राच्या अंगाने घेतला जातो. आम्हांला तो पुस्तकी वाटतो. फरक विमानातून दिसत असेल तर तो योगायोगाचा आहे का हे विचारण्यात अर्थ नाही. शिवाय २२७ आणि ३०४ ही एक प्रकारे पुनरावृत्तीच होती.

आमचा आक्षेप वेगळा आहे. चित्र पुन्हा पाहा. नायट्रोजन कुठे घातला आहे? दोन्ही बाजूंना.

म्हणजे चित्र जो प्रश्न विचारते तो असा : कार्बन आणि नायट्रोजन भरपूर असताना फॉस्फरस मिळाला तर काय होते, आणि न मिळाला तर काय होते? याचे उत्तर ते चोख देते. कार्बनवाल्यांचा दावा त्यात निकालात निघतो, कारण नैर्ऋत्येच्या वाटीत साखर असूनही काही झाले नाही. पण पाठ्यपुस्तकांत त्याखाली लिहिलेले वाक्य पुष्कळदा असे असते की, शैवालाची वाढ फॉस्फरसमुळे होते, नायट्रोजनमुळे नाही. हे या चित्रातून निघत नाही. नायट्रोजनविषयी बोलायचे असेल तर एका बाजूला तो नसायला हवा. इथे नायट्रोजन नसलेली बाजूच नाही. आता उलट प्रयोग कल्पनेने करून पाहा. दोन्ही वाट्यांत भरपूर फॉस्फरस घातला आणि एकाच वाटीत नायट्रोजन, तर पहिल्या काही आठवड्यांत कदाचित तेही तळे दोन रंगांचे दिसले असते. मग चित्राखाली काय लिहिले असते?

दोन द्रव्यांचा परिणाम तपासायचा तर किमान चार भांडी लागतात : काहीही न घातलेले, फक्त नायट्रोजनचे, फक्त फॉस्फरसचे आणि दोन्हींचे. चित्रात त्यांतली दोनच आहेत. शिंडलर यांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांच्यापुढे तेव्हाचा प्रश्न कार्बनचा होता आणि त्या प्रश्नाला दोन वाट्या पुरेशा होत्या. दोष प्रयोगाचा नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवणाऱ्यांचा आहे.

फॉस्फरसच्या बाजूने खरा युक्तिवाद चित्रात नसून शिंडलर यांच्या १९७७ च्या निबंधात आहे. तो समजून घेण्यासाठी थोडे अंकगणित करू. पाण्यात तरंगणाऱ्या शैवालांच्या शरीरात ढोबळमानाने फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. हे प्रमाण रेडफिल्ड यांनी समुद्रातील प्लवकांवरून काढले. अणुभारांनी गुणले तर १ ग्रॅम फॉस्फरसमागे सुमारे ७ ग्रॅम नायट्रोजन आणि ४१ ग्रॅम कार्बन लागतो; हायड्रोजन-ऑक्सिजन धरून सुके शैवाल १०० ग्रॅमहून थोडे अधिक भरते. हे उदाहरण आठवी-नववीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. एक चिमूट फॉस्फरस घागरभर हिरवळ उठवतो तो या हिशेबाने.

लीबिगची बादली शेतीच्या पुस्तकांतून आपल्याला ठाऊक आहे. बादलीच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतील तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच चढते. शिंडलर म्हणतात की तळ्याच्या बादलीत दोन फळ्या आपोआप वाढू शकतात. कार्बन कमी पडला तर हवेतून येतो. नायट्रोजन कमी पडला तरीही हवेतून येतो, कारण काही नील-हरित शैवाले डाळींच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जिवाणूंप्रमाणे हवेतला नायट्रोजन पकडू शकतात. त्यासाठी त्यांच्या साखळीत जाड भिंतीच्या खास पेशी असतात. आत प्राणवायू शिरू न देण्याची ही युक्ती. फॉस्फरसला मात्र हवेत उडणारे रूप नाही. तो खडकातून, मातीतून, खतातून, सांडपाण्यातून येईल तेवढाच. म्हणून आज कोणती फळी आखूड आहे हे पाहू नका, कोणती फळी वाढूच शकत नाही ते पाहा.

हा युक्तिवाद सुंदर आहे. तो तपासायची जागा पुन्हा २२७. तिथे १९७५ पासून नायट्रोजन कमी केला आणि १९९० पासून पूर्ण थांबवला, फॉस्फरस चालू ठेवला. शैवालांची जात बदलली : हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या ॲफॅनिझोमेनॉनने जम बसवला. (त्यातल्या एका जातीला पुढे शिंडलर यांचेच नाव दिले गेले.) तळे हिरवे राहिले. शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ३७ वर्षांचा हा हिशेब मांडून लिहिले की नायट्रोजन कमी करून तळी सुधारता येणार नाहीत.

इथे मात्र मतभेद सुरू झाले. स्कॉट आणि मॅकार्थी यांनी २०१० मध्ये याच तळ्याची आकडेवारी पुन्हा तपासली. नायट्रोजन देणे थांबवल्यानंतर तळ्यातला एकूण नायट्रोजन हळूहळू घटत गेला आणि शैवालही घटले, म्हणजे हवेतून येणारा नायट्रोजन पूर्ण भरपाई करत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. पॅटरसन, शिंडलर आणि इतरांनी २०११ मध्ये आणखी वर्षांचे आकडे देऊन त्याला विरोध केला. एकाच तळ्याच्या एकाच वहीतून दोन्ही बाजू आपापले निष्कर्ष काढतात. शास्त्र म्हणजे ठरलेली उत्तरे, असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते त्यांना हे अवश्य सांगावे.

आम्ही यात कोणाकडे? आधी दोन तळी पाहू.

चीनमधील ताइहू सरोवर दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठे आणि सरासरी खोली सुमारे दोन मीटर. म्हणजे जवळजवळ थाळीच. मे-जून २००७ मध्ये त्याच्या काठच्या वूशी शहरात नळाला दुर्गंधी सुटली आणि सुमारे वीस लाख लोकांना काही दिवस पिण्याच्या पाण्याला मुकावे लागले. सरोवरावर मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाचा थर होता. मायक्रोसिस्टिस हवेतला नायट्रोजन पकडू शकत नाही. ते पाण्यातील नायट्रोजनवरच जगते. ताइहूच्या पाण्यावर हान्स पेर्ल आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत उन्हाळ्यात नायट्रोजनच कमी पडताना दिसला. उथळ, उबदार पाण्यात चिखलातले जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो परत हवेत सोडत असतात आणि वाऱ्याने ढवळलेला चिखल फॉस्फरस पुन्हा पाण्यात देत असतो. अशा थाळीत नायट्रोजनची फळी आखूड होते आणि आखूडच राहते. (हे प्रयोग बाटल्यांतले होते, हे शिंडलर यांच्या पक्षाने लगेच दाखवून दिले. त्यांचा तो हक्कच आहे.)

दुसरे ईरीच. तिथे वर्षाला येणारा फॉस्फरस ११,००० टनांपर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि १९८० च्या दशकात ते बव्हंशी गाठले गेले. सरोवर स्वच्छ झाले. ‘फॉस्फरस कमी करा’ हा उपदेश खरा ठरला. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शेतांतून वाहून येणारा विरघळलेला फॉस्फरस वाढला आणि पश्चिम टोकाला पुन्हा हिरवा थर दिसू लागला. २ ऑगस्ट २०१४ रोजी टोलेडो शहरातील सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष होते. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पाणी आटून अधिक तीव्र होते. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी पश्चिम आणि मध्य ईरीसाठी फॉस्फरस ४० टक्के कमी करण्याचे ठरवले. लक्ष्य अजूनही फॉस्फरसच. पण मायक्रोसिस्टिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे अनेक अणू असतात, आणि पश्चिम ईरीत उन्हाळा संपता संपता वाढीला नायट्रोजनची टंचाई भासते असेही आढळले आहे. थर किती वाढेल हे फॉस्फरस ठरवीत असला, तरी त्यात विष किती असेल यात नायट्रोजनचा हात आहे.

आमचे मत असे की खोल, थंड, स्वच्छ तळाच्या सरोवरांसाठी शिंडलर यांचा युक्तिवाद जसाच्या तसा घ्यावा. ओंटारिओची तळी तशी होती. त्यांच्या तळाशी जुन्या फॉस्फरसचा साठा नव्हता, म्हणूनच ३०४ एका वर्षात सावरू लागले. वर्षानुवर्षे सांडपाणी प्यालेल्या तळ्याला तशी आशा दाखवणे बरे नाही. मिनेसोटातील शागावा तळ्यात १९७३ पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढून टाकला, तरी तळाचा चिखल साठवलेला फॉस्फरस सोडत राहिला आणि सुधारणा अपेक्षेपेक्षा फार हळू झाली. दुसरीकडे सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी वळवले, तर काही वर्षांतच जेमतेम मीटरभर दिसणारे पाणी तीन मीटरच्या पुढे स्वच्छ दिसू लागले. ते सरोवर खोल आहे आणि त्याने घाण फार वर्षे सोसलेली नव्हती.

शिंडलर यांची भीती मात्र खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. दोन्ही द्रव्ये काढायची तर खर्च वाढतो. नगरपालिकेकडे पैसा एकाच्याच पुरता असेल आणि तो नायट्रोजनवर खर्च झाला, तर फॉस्फरसवर पोसलेली, नायट्रोजन पकडणारी शैवाले मोकळे रान मिळाल्यासारखी वाढतील. पैसा एकाचाच असेल तर फॉस्फरस आधी, यावर आमच्या माहितीतले दोन्ही पक्ष सहमत आहेत. ‘फक्त फॉस्फरस’ आणि ‘फॉस्फरस आधी’ यांत फरक आहे, आणि तो फरक चित्र दाखवीत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अपरिचित नाही. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, भीमा असे करीत उजनी जलाशयात पोचते. घरगुती सांडपाण्यात शैवालांच्या गरजेच्या मानाने फॉस्फरस जास्त आणि नायट्रोजन कमी असतो. वर दिलेल्या ७ : १ या प्रमाणाशी ताडून पाहावे. उष्ण हवामान, सांडपाण्याचा दीर्घकाळचा ओघ आणि चिखलाने भरलेला तळ असलेल्या जलाशयाचे वागणे ओंटारिओतील ग्रॅनाइटच्या डोहापेक्षा ताइहूच्या अधिक जवळ असण्याचा संभव आहे. आपल्या मुलांना फक्त २२६ चे चित्र दाखवणे म्हणजे थंडीतले कपडे दाखवून उन्हाळा शिकवण्यासारखे आहे.

शब्दांविषयीही थोडे. या घटनेला मराठी पुस्तकांत ‘सुपोषण’ असा प्रतिशब्द दिलेला आढळतो. मूळ ग्रीक शब्दातील ‘यू’ म्हणजे चांगले, म्हणून ‘सु’. भाषांतर शब्दशः बरोबर आहे आणि मुलांच्या कानाला अगदी उलटे. अंगणवाडीच्या भिंतीवर ‘सुपोषण’ हा शब्द बाळाच्या चित्राशेजारी असतो. तोच शब्द मेलेल्या माशांच्या चित्राखाली कसा चालेल? आम्ही ‘अतिपोषण’ सुचवतो. शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला फॉस्फरसऐवजी स्फुरद आणि नायट्रोजनऐवजी नत्र म्हटले तर खताचे पोते डोळ्यांपुढे येते. वर्गात हे दोन्ही शब्द वापरावेत. आणि चित्रातले हिरवे खरे तर शैवाल नव्हे. नील-हरित शैवाल म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. नाव जुने पडले आहे, पण बोलण्यातून जात नाही. आम्हीही या लेखात तेच वापरले.

चित्रात नसलेली दोन भांडी वर्गात मांडता येतील. काचेच्या एकसारख्या चार बरण्या घ्याव्यात आणि जवळच्या तळ्याचे पाणी एकाच बादलीतून चारींत भरावे. एकीत काही घालू नये, दुसरीत चिमूटभर युरिया, तिसरीत चिमूटभर सुपर फॉस्फेट, चौथीत दोन्ही. डीएपी वापरू नये. त्यात १८ टक्के नायट्रोजनही असतो आणि मग चारही बरण्यांचा हिशेब चुकतो. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्समही असते, हे मोठ्या मुलांना सांगून ठेवावे, म्हणजे तुलना पूर्ण शुद्ध नाही हे त्यांचे त्यांना कळेल. बरण्या उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवाव्यात, तोंडाला फडके बांधावे, घट्ट झाकण लावू नये. दोन आठवडे रोज त्याच वेळी बरणीमागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतात का, ते लिहून ठेवावे. पाण्याला हात लावल्यास साबणाने धुवावा, आणि शेवटी पाणी गटारात न ओतता शाळेच्या झाडांना घालावे.

जमल्यास आणखी दोन बरण्या लावाव्यात. एकीत युरिया आणि सुपर फॉस्फेट दोन्ही घालून झाकण घट्ट बसवावे. तिची चौथ्या बरणीशी तुलना म्हणजे २२७ क्रमांकाच्या तळ्याची आणि बाटलीची तुलना. दुसरीत खत काहीच घालू नये, फक्त तळ्याच्या तळाचा मूठभर चिखल घालावा आणि पहिल्या बरणीशेजारी ठेवावे.